काचेखालची जागा

या, थोडं पुढं सरकून बसा. झांजा घडीभर मांडीवर ठेवा. एका बापाची आणि एका लॉरीची गोष्ट सांगायची आहे. ऐकाल तर घरी न्याल.

गुरुराव लॉरीच्या पायरीवर अडकले आहेत. एक पाय वर, एक पाय बेळगोळ गावच्या तांबड्या मातीत, आणि धोतराचा सोगा दाराच्या कडीत. खाली त्यांची लेक सुमा हसू दाबते आहे. तिच्या शेजारी ड्रायव्हिंग शाळेचे मानाजीराव हाताची घडी घालून उभे.

"चढा की, बुवा. कीर्तनाला तासन्‌तास उभे राहता, ही पायरी काय मोठी?"

"मी बघायला आलोय. शिकायला नाही."

"बघायलासुद्धा वरच बसावं लागतं. बन्नी, बन्नी, या वर."

बघायला म्हणजे नाही म्हणायला, हे फक्त गुरुरावांना ठाऊक होतं. सुमा मेटगळ्ळीत छोटा टेम्पो चालवायची. तिथल्या एका कारखान्यानं लॉरीवर बायका घ्यायचं ठरवलं होतं, रीतसर शिकलेल्या मात्र. त्या दिवसापासून पोरीचे पाय जमिनीवर नव्हते. उजव्या हातानं जेवायची आणि डाव्या हातानं हवेत गिअर टाकायची. "अप्पा, तुम्ही फक्त सरी म्हणा, हो म्हणा. शाळा तुम्ही म्हणाल ती." एवढ्या बोलीवर दोघं सकाळी घरून निघाली होती.

पहिली शाळा शहरात होती. काचेचं दार, गार हवा, मोठा पडदा आणि पडद्यासमोर स्टिअरिंग. सुमानं पडद्यावरचा घाट भर पावसात उतरवला, कुठंही न आपटता, आणि उठली तेव्हा तिचे कान आनंदानं लाल झाले होते. मालक गुरुरावांच्या जवळ येऊन हळूच म्हणाला, "रोज पाठवलंच पाहिजे असं काही नाही. लॉरीचं लायसन्स मिळून जाईल." गुरुरावांना ती शाळा फार आवडली. लायसन्स भिंतीवर लागेल, हौस फिटेल. कारखान्याच्या चाचणीत पोर नापास झाली तर देवाची इच्छा. पोर घराजवळ राहील.

"आणि हिला धीर आहे कुठं?" तिथून बेळगोळला येताना बसमध्ये ते शेजारच्या अनोळखी माणसाला सांगत होते. "एकादशीला देवळात येते, हात जोडते की पळाली. एक प्रदक्षिणा घालायला सवड नाही, ही लॉरी हाकणार."

तर असे हे गुरुराव शेवटी सोगा सोडवून ड्रायव्हरच्या जागेवर बसले. आणि बसताच म्हणाले, "अय्यो."

मानाजीराव दुसऱ्या दारानं चढून शेजारी आले. "काय दिसतं, बुवा?"

कीर्तनकाराला असं विचारावं का? गुरुरावांचा आवाज लागला. "समोर धरणाचा रस्ता. पलीकडं नारळाची बाग. पिरियापट्टणहून तंबाखू भरून लॉरी येतेय, तिच्या ताडपत्रीवर कावळा बसलाय. आणि तिकडं लांब चामुंडीचा डोंगर. इंद्राच्या रथात बसल्यासारखं आहे हो."

"आरसे बघा."

"बघितले. मागं कुंपण, पाण्याची टाकी, एक निजलेलं कुत्रं."

"म्हणजे सगळं दिसतं. किल्ली माझ्या खिशात आहे, पण समजा लावली. घेऊ गाडी पुढं?"

"घ्या की."

मानाजीराव हलले नाहीत. "सुमा कुठं आहे?"

गुरुरावांनी समोर पाहिलं. मैदान मोकळं होतं. डावीकडं पाहिलं, उजवीकडं पाहिलं, दोन्ही आरसे पुन्हा पाहिले. कुत्रं निजलेलंच होतं. त्यांनी हाक मारली. "सुमे?"

पायांच्या पुढ्यातच, पत्र्यावर बोटं वाजली. कीर्तनात त्यांच्या मागं झांज धरताना सुमा वाजवायची त्याच ठेक्यात.

"इथं आहे, अप्पा."

ते कसे उतरले ते त्यांना कळलं नाही. सोगा टरकन फाटला, तेही कळलं नाही. ठेंगणी सुमा गाडीच्या अगदी तोंडाशी, काचेच्या खाली, बंपरला पाठ टेकून उभी होती.

"माझी शिकवणी इथूनच सुरू होते," मानाजीराव म्हणाले. "घरच्या माणसाला वर बसवायचं, शिकणाऱ्याला इथं उभं करायचं. दिसत नाही म्हणून कुणी नाही, असं धरून गाडी हाकता येत नाही, बुवा."

देवाविषयी हेच तर गुरुराव आयुष्यभर सांगत आले होते. टायरजवळ उभं राहून ऐकायची ही पहिलीच वेळ.

सुमाचं हसू मावळलं. आता अप्पा नाहीच म्हणणार.

"यावर उपाय?" गुरुरावांनी विचारलं.

"एकच. किल्ली फिरवायच्या आधी गाडीभोवती एक फेरी. पायी, वाकून बघत. चहाला थांबली तरी पुन्हा."

"दर वेळी?"

"दर वेळी."

गुरुराव लेकीकडं वळले. "घालशील?"

सुमा निघाली. चाकापाशी वाकली, खाली डोकावली, पत्र्यावर हात ठेवून सावकाश मागं गेली, पलीकडून आली, तोंडाशी येऊन थांबली. कुठंही घाई नव्हती. गुरुरावांचे हात आपोआप जुळले होते.

"सरी," ते म्हणाले. "शाळा हीच."

सुमा आता मेटगळ्ळीहून लॉरी घेऊन निघते. रस्त्याच्या कडेला एखादी ठेंगणी पोर गाडी सुरू करण्याआधी तिच्याभोवती वाकून फिरताना दिसली, आणि तुम्ही मागं खोळंबला असाल, तर हॉर्न वाजवू नका. काचेखालच्या सुमाची आठवण ठेवा. त्या प्रदक्षिणेत ती पोर तुम्हालाच शोधत असते.