चांदीच्या शाईची घंटा

मानसिंग बारामतीच्या त्या दवाखान्यात शिरला आणि थेट खिडकीजवळच्या पलंगाशी गेला. आईचं दहावं कालच झालेलं. पलंग रिकामा होता, पण कडेला घंटेची प्लास्टिकची पट्टी तशीच बसवलेली होती. त्यानं खिशातून स्क्रूड्रायव्हर काढला.

“अहो दादा, काय करताय हे?” सारजा सिस्टर धावत आली.

“ही पट्टी मी छापलीया. घिऊन जातो.”

खोटं नव्हतं ते. एमआयडीसीतल्या कारखान्यात तो दिवसभर हेच करायचा. जाळीवरून चांदीची शाई ओढायची, खालच्या लवचिक प्लास्टिकवर तारेसारख्या रेघा उमटवायच्या आणि भट्टीत वाळवायच्या. पट्टीवर बोट दाबलं की वीज त्या रेघांतून धावायची आणि सिस्टरच्या टेबलावर घंटा वाजायची. आई, कुशाबाई, दम्यानं बेजार होऊन कोऱ्हाळ्याहून इथं आली, तेव्हा पठ्ठ्यानं छाती फुगवून सांगितलं होतं, “आये, ही माझ्या हातची हाय. दम लागला की दाब.”

कामावर परतल्यावर मात्र त्याच्या ध्यानात आलं. दवाखान्याच्या मालाला शाई कमी पडली होती. यानं ती पातळ केली, रेघा फिक्या आल्या, तरी ‘चालतंय की’ म्हणून माल बांधून टाकला. कसली अवदसा आठवली होती, देव जाणे! उद्याच पट्टी बदलू, असं त्यानं ठरवलं. उद्या ओव्हरटाइम निघाला. त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी आई गेली, एकटीच. शेजारच्या पलंगावरची बाई त्याच सकाळी बरी होऊन घरी गेली होती. घंटा वाजलीच नाही, असं सगळे सांगत होते.

“माझ्या हलगर्जीपणानं आय गेली, सिस्टर,” म्हणता म्हणता त्याला हुंदका फुटला. “किती दाबली असंल हो तिनं!”

सारजानं पट्टीवर अंगठा टेकवला. घंटा खणखणीत वाजली. पुन्हा टेकवला, पुन्हा वाजली.

मानसिंग बघतच राहिला. आई गेल्यापासून पहिल्यांदाच त्याच्या छातीवरचं ओझं उतरलं.

“मग त्या दिवशी का न्हाय वाजली?”

“कशी वाजंल, दादा?” सारजानं मान खाली घातली. “आजींनी ती एकदाबी दाबली न्हाय. शेजारच्या बाईनं हात लावला तरी खेकसायच्या, ‘माझ्या लेकानं केलीया ती. उगं दाबून खराब करू नगंस.’”