नंतर जोडलेली तार

दुकानदाराने आमच्या जुन्या बेस गिटारचं झाकण उघडून आत बॅटरी मारली. "काका, साठ वर्षांत काही बदललेलं नाही. फक्त आतली ही एक विजेची तार नंतर जोडलीय. शौकिनांना सगळं मूळचंच लागतं. पैसे निम्मेच मिळतील." निम्म्या पैशांत ह्यांच्या लुळ्या हाताच्या उपचारांचा खर्च भागणार नव्हता. ती तार मीच जोडली होती. कॉलेजच्या कार्यक्रमात ह्यांच्या हातातली ही गिटार ऐनवेळी मुकी झाली, तेव्हा प्रयोगशाळेतून सोल्डरिंग गन घेऊन धावले होते. आमची ओळख तिथलीच. मी तोंड उघडणार, तोच हे म्हणाले, "माझाच उपद्व्याप. तेव्हा अक्कल कुठे होती!" "केवढा हा सोल्डरचा गोळा! पत्र्याची बादली जोडत होतात का?" दुकानदार हसला. हेही हसले. पावतीवर सही करायला ह्यांनी सवयीने उजवा हात उचलू पाहिला. तो मांडीवरून हलला नाही. सही मग मीच केली.