चमचाभर तेल

बायपासनंतर डॉक्टरांनी बाबलीला तेलकट बंद सांगितलं, आणि आनंदीने नवऱ्याचं मटणच बंद करून टाकलं. मुलाने मुद्दाम एअर फ्रायर पाठवला, तर तो खोक्यासकट माळ्यावर गेला.

"अगो, चमचोभर तेलात होता म्हणतत. एकदा करून तरी बघ," बाबली दर रविवारी म्हणायचा.

"जिवापरास जीभ मोठी काय तुमका?" आनंदी दर रविवारी म्हणायची.

आज तिने आपणहून खोका खाली उतरवला. सुनेला विचारून विचारून मटण आणि बटाटे चमचाभर तेलात खरपूस भाजले, आणि सुतक फिटल्यावरच्या तिखटाचं पहिलं पान परसातल्या दगडी गडग्यावर नेऊन ठेवलं. कावळे आले, माना वाकड्या करून बघत बसले. शिवेना मात्र एकही.

"आई, बाबांची कायतरी इच्छा रवली असतली. काय ता कबूल करा," सून हळूच म्हणाली.

आनंदी आत गेली. वाटीभर तेल कडकडीत तापवून घेऊन आली आणि सगळंच्या सगळं पानावर ओतलं.


"जेवा. आता तुमका कसला पथ्य?"