अपक्षाचा चेहरा

राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत मतदान यंत्रासमोर उभ्या राहिलेल्या सिस्टरबाईंच्या काळजात धस्स झालं. सगळ्यात खाली, अपक्षाच्या नावापुढे, त्यांच्या धाकट्या भावाचा फोटो होता. नाव भलत्याच कुणाचं होतं. भाऊ तर कधीच वारला होता. त्याचे डोळे बाईंनी स्वतःच्या हाताने मिटले होते. त्यांनी त्याच फोटोपुढचं बटण दाबलं आणि घरी कुणाजवळ ब्रही काढला नाही.

निकाल लागला, तेव्हा मोठमोठे पक्ष भुईसपाट झाले होते. ज्याची एकही सभा कुणी पाहिली नव्हती, तो अपक्ष राष्ट्राध्यक्ष झाला होता.

शपथविधीच्या वेळी रुग्णालयाच्या कॅन्टीनमधले सगळे हातातला चहा विसरून टीव्हीकडे बघत होते.

"माझे बाबा अगदी असेच उभे राहायचे. बाबाच आहेत हे," लॅबवाला पुटपुटला.

"बाबा कुठले? माझी ताई आहे ती!" स्वयंपाकीण त्याच्यावर खेकसली आणि तिला रडूच फुटलं.

बाईंना तिथे फक्त भाऊ दिसत होता.

शपथ झाली. तो कॅमेऱ्याकडे वळला. "तुम्ही बोलावलंत म्हणून मी आलो," तो मायेने म्हणाला. "आता मी बोलावतोय. चला."

खुर्च्या सरकल्या. लॅबवाला हसतमुखाने दाराकडे निघाला, त्याच्यामागे स्वयंपाकीण. बाहेर लोक गाड्या तशाच सोडून एकाच दिशेने चालले होते.

"अहो, जाऊ नका! तो मेलाय!" बाई जिवाच्या आकांताने ओरडल्या.

कुणी वळून पाहिलं नाही. ओरडता ओरडता बाईंनी खाली पाहिलं. त्याही रस्त्यावर होत्या, आणि पाय थांबत नव्हते.