लंडन ते सिहोरा

सत्यभामाबाईंच्या मुलाला, प्रफुल्लला, जुळ्या मुली झाल्या, त्या वर्षीचा डिसेंबर. रविवारी दुपारी एक वाजता सत्यभामाबाईंचा फोन वाजला. लंडनच्या विमानतळावरून त्यांची मुलगी तृप्ती बोलत होती. ती तिकडच्या एका दवाखान्यात नर्स होती.

"माय, बाबा कसे आहेत?"

"कालसारखेच. तू कुठं पोहोचली?"

"आता चढतेच विमानात. बाबाले म्हण, उद्या सकाळपर्यंत थांबा."

तिच्या भावाने, प्रफुल्लने, कॅलेंडरच्या कडेला सगळं मांडून ठेवलं होतं. लंडन ते मुंबई, सात हजार किलोमीटर, नऊ तास. मुंबईत पहाटेपर्यंत थांबणं. तिथून नागपूर दीड तास. नागपूरहून आपलं गाव सिहोरा, गाडीने अडीच तास. म्हणजे सोमवारी सकाळी दहा.

अंगणात गल्लीतले लोक बसले होते. कोणी मोठ्याने बोलत नव्हतं.

सत्यभामाबाई खोटं बोलत नसत. रोजच्या बुद्धवंदनेत खोटं न बोलण्याचं शील त्या जरा जोरातच म्हणत. तृप्तीला पाहायला पाहुणे आले, तेव्हा "पोरीचा भात चिकट होते" असं त्यांनीच सांगून टाकलं होतं. त्यांचे पती तेजराम आठ दिवस हसत होते. "तुले वकील कराले पायजे होतं," ते म्हणाले होते, "पण समोरच्या पार्टीचा!"

"फोन बाबाच्या कानाले लाव," तृप्ती म्हणाली.

त्या आतल्या खोलीत गेल्या. तेजरामच्या कानाशी फोन धरून उभ्या राहिल्या. तृप्ती दोन मिनिटं बोलत होती. हात अवघडला तरी त्यांनी तो बदलला नाही. मग फोन स्वतःच्या कानाला लावला.

"आयकलं त्यांनी. आता विमानात पोटभर जेवजो अन् झोपजो."

"थांबतील न माय?"

"थांबतील. माह्या शब्दाबाहेर कधी गेले का ते?"

तृप्ती हसली. फोन बंद झाला.

दारात प्रफुल्ल उभा होता.

"माय, तू असं बोलली?"

सत्यभामाबाईंनी फोन पदराने पुसला.

"माहा बाप साकोलीले मेला, तवा लोकायनं मले इथंच सांगून टाकलं. मंग बसमध्ये बसवून देलं. थे बस माह्यासाठी अजून साकोलीले पोहोचली नाही रे. तिले तं सात हजार किलोमीटर यायचं आहे."

तृप्ती विमानात जेवली. मुंबईपर्यंत शांत झोपली. सोमवारी सकाळी दहा वाजता ती दारात उतरली, तेव्हा माय पुढे झाली आणि तिने सगळ्यांच्या आधी स्वतःच्या तोंडाने तिला सांगितलं.

तेजराम रविवारी सकाळी सहा वाजता वारले होते.