तोंडभर डिझेल

"या पिकअपचा डिझेल पंप गेलाय, आणि तो आता जुन्या बाजारातही मिळत नाही. देऊन टाका भंगारात," गाडी ओढून न्यायला आलेला भंगारवाला म्हणाला. अण्णांनी मान डोलावली.

"थांबा हो! पंप गेलाच नसेल तर?" त्यांची लेक तेजल गाडीखाली घुसली. टाकीकडून येणारी नळी सोडवून तिने ओठांत धरली आणि जीव खाऊन ओढली. भसकन तोंडभर डिझेल आलं, सोबत काहीतरी बुळबुळीत. शी! तिने थुंकून पाहिलं, तर कापडाची कुजकी चिंधी.

"अण्णा, टाकीला टोपणाऐवजी काय कोंबलंय?"

"जुना बनियन," अण्णा पुटपुटले.

"ईईई! तुमचा बनियन माझ्या तोंडात!"

नळी जोडून, तिच्यात शिरलेली हवा काढून तिने चावी फिरवली. गाडी खोकली आणि धडधडू लागली. भंगारवाला दोर गुंडाळून निघून गेला.

हरखलेले अण्णा खांद्यावरच्या पंच्याने तिचं तोंड पुसायला धावले.

"लांब व्हा!" तेजल किंचाळली. "आधी सांगा, हा धुतलाय कधी?"