पत्रिकांची वाटणी

पुनमने कॉम्प्युटरच्या पोटातून जुनी हार्ड डिस्क काढली आणि हेमराज नि बन्सीलाल, दोघा भावांनी एकदमच हात पुढे केले. तिने ती कोणाच्याच हातात न देता टेबलावर ठेवली. कॉम्प्युटर दुरुस्त करता करता तिला माणसंही थोडीफार कळू लागली होती.

पाचोऱ्याच्या बाजारातलं भावांचं हे लग्नपत्रिकांचं दुकान. आज त्याची वाटणी होती. कागदाचे गठ्ठे, शाईचे डबे, खुर्च्या, पंखा, सगळं त्यांच्या मामांनी, झुलालनानांनी, दुपारपर्यंत वाटून टाकलं. घोडं अडलं ते या डिस्कपाशी. आजवर काढलेली प्रत्येक पत्रिका तिच्यात होती आणि धंदा तिच्यावरच चालायचा. थोरल्याच्या लग्नाला छापली तशीच काढा, नुसती नावं बदला, असं गिऱ्हाईक सांगायचं. भाऊबंदांची ढीगभर नावं, कोणाच्या आधी कोण, कोण रुसेल, हे पुन्हा लिहून द्यायची कोणाची तयारी नसे. म्हणजे डिस्क ज्याची, गिऱ्हाइकं त्याची. दुसऱ्याने कुलूप लावायचं.

पुनमने सोपा तोडगा काढला होता. डिस्क तशीही थकली होती. बटण दाबून चहा पिऊन आलं तरी पडद्यावर काही उमटत नसे. म्हणून तिने नवी एसएसडी, म्हणजे झटपट चालणारी छोटी डिस्क, आणली आणि सकाळपासून जुनीतलं सगळं तिच्यात उतरवलं. आता एकाने नवी घ्यावी, एकाने जुनी. भांडायला कारणच उरलं नाही, असं तिला वाटलं. बिचारीला सख्खी भावंडं नव्हती.

नाना म्हणाले, रीतीप्रमाणे थोरल्याने वाटे मांडायचे, धाकट्याने पहिला उचलायचा. हेमराजने दोन्ही डिस्क शेजारी शेजारी मांडल्या. बन्सीलालने नवी तळहातावर झुलवून बघितली. पत्त्यांच्या कॅटाएवढी, त्यातही अर्धे पत्ते हरवलेले. जुनी उचलली, ती चांगली हाताला जड लागली.

"असल कोनती शे?" त्याने विचारलं.

पुनम म्हणाली, दोन्ही सारख्याच, एकीतलंच दुसरीत उतरवलंय.

"म्हनजे हाई झेरॉक्स शे." बन्सीलालने नवी खाली ठेवली आणि जुनी छातीशी धरली. तलाठ्यापासून कोर्टापर्यंत झेरॉक्सला कोण विचारतं, हे त्याला पक्कं माहीत होतं. वाटे मांडल्यापासून नवी आपल्याला राहावी म्हणून देव पाण्यात घालून बसलेला हेमराज, त्यालाही आता जुनीच हवीशी झाली. वाटणीत झेरॉक्स घ्यायला मी काय खुळा आहे का, असं तो नानांना विचारू लागला. नानांनी ठणकावलं की उचलली ती उचलली.

पुनमने नवी आत बसवली, जुनी मागून घेऊन वायरीने बाहेरून जोडली आणि बटण दाबलं. नाना तंबाखूला चुना लावत होते. तो मळून व्हायच्या आत कॉम्प्युटर चालू झाला. पडद्यावर एका बाजूला जुनीतल्या पत्रिका, दुसऱ्या बाजूला नवीतल्या, अगदी त्याच. आता तरी चेहरे खुलतील म्हणून तिने मागे वळून पाहिलं, तर ते आणखी पडलेले.

"बठ्ठं त्यानाकडे बी शे," हेमराज म्हणाला. "मंग माले काय भेटनं?"

आपल्याकडचं सगळंच दुसऱ्याकडेही, या दुखण्यावर बन्सीलालनेही मान डोलावली. सकाळपासून भावांचं एकमत झालं ते या एका गोष्टीवर. नानांनाही ते पटलं. दुसऱ्याचं कमी झाल्याशिवाय ती वाटणी कसली? त्यांनी निवाडा दिला. रेल्वेच्या रुळाअलीकडची गावं हेमराजची, पलीकडची बन्सीलालची. ज्याची जी नाहीत, ती त्याच्या डिस्कमधून पुसून टाकायची.

पुनमने कपाळाला हात लावला आणि कामाला बसली. पत्रिका उघडायची, गाव बघायचं, पुसायची. भाऊ तिच्या मागे दोन बाजूंना उभे राहिले. नवीतली पत्रिका बोट टेकवताच नाहीशी व्हायची. ते बघून हेमराज जरा अस्वस्थ झाला. जुनी निदान विचार करायला वेळ तरी द्यायची.

मग ईश्वर महाजनांच्या धाकट्या मुलाची पत्रिका उघडली आणि दोघे एकदम भलतीकडे बघू लागले. पुनमला तीत काही वावगं दिसेना. शेवटी हेमराजनेच सांगितलं. थोरल्या मुलाच्या पत्रिकेवरून ही काढली होती. नवरदेवाचं नाव बदललं, नवरीचं बदलायचं राहून गेलं. धाकट्या दिराचं लग्न थोरल्या वहिनीशी लागणार, अशी पत्रिका सगळ्या सोयऱ्यांच्या घरी पोहोचली. महाजनांची माणसं दुकानात आली तेव्हा गल्ल्यावर हेमराज होता. मुस्काटात त्याने खाल्ली.

नाना थुंकायचं निमित्त करून बाहेर गेले. त्यांना हसू आवरत नव्हतं.

"ती मी करेल व्हती," बन्सीलाल खाली बघत म्हणाला. "मार तू खादा."

"माले ठाऊक शे."

हे भावाला ठाऊक आहे, हे बन्सीलालला इतकी वर्षं ठाऊक नव्हतं. त्याला फार लाज वाटली. तो मान खाली घालून शर्टाच्या बाहीने उगाचच टेबल पुसू लागला.

पुनमने पत्रिकेवरचं गाव बघितलं. रुळापलीकडचं होतं. हेमराजभाऊ, तुमच्यातून पुसते, असं म्हणून तिने बोट उचललं, तर हेमराजने माउसच काढून घेतला.

"ऱ्हाऊ दे दोन्हीसकडे," तो बन्सीलालकडे बोट दाखवत म्हणाला. "नईतं उद्या हाऊच सांगी, चूक भाऊनी करेल व्हती."